मिनिटांच्या जागी सेकंद

अजरा होडेकर तेवीस वर्षांच्या असताना रत्नागिरीतल्या एका छोट्या दैनिकाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला लागल्या. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एक पान न वाचता सही करून सोडलं. घरी पाहुणे यायचे होते आणि मजकूर जुळवणारा माणूस म्हणाला होता, मी वाचलंय, तुम्ही जा. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ छत्री टेकत कार्यालयात आले आणि निधनवार्तेच्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, हा मी. गेले होते त्यांचे चुलतभाऊ, नाव एका अक्षराने बदललं होतं. गृहस्थ रागावले नाहीत. हे कोणी वाचलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. त्या वेळी जी मान खाली गेली ती अजराबाईंच्या कायमची लक्षात राहिली.

पुढची सव्वीस वर्षं त्यांनी कोणाच्याही "मी वाचलंय"वर विश्वास ठेवला नाही. हळूहळू ही सवय छापखान्याच्या बाहेरही आली. औषधाच्या पट्टीवरची तारीख दुकानदारासमोरच वाचायची, नळवाल्याने काढलेला वॉशर परत मागून बघायचा, कुवेतहून नवऱ्याचा फोटो आला तर त्याच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ आधी बघायचं. राजिवड्यात शेजारणी गमतीने म्हणायच्या, की अजरा स्वतःच्या सावलीलाही ओळखपत्र विचारील. अजराबाई हसून सोडून द्यायच्या, पण मनातून त्यांना ते खरंच योग्य वाटायचं.

छापखान्याला मुद्रितं वाचणारी माणसं परवडेनाशी झाली, तेव्हा अजराबाई एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. त्या वेळी संदेश नागवेकरने त्यांना बोलावलं. मारुती मंदिराजवळ एका चपलांच्या दुकानाच्या वर त्याचं ऑफिस होतं, पाटी "सागरखूण". मच्छीमारांच्या होड्यांवर बसवायची एक छोटी डबी तो बनवून घ्यायचा. डबी दर थोड्या वेळाने संकेत पाठवायची आणि होडी कुठे आहे, तिचा शेवटचा संकेत कधी आला, हे सगळं सागरखूणच्या संगणकात साठायचं. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्या, बर्फाचे कारखाने, मासळी उचलणारे व्यापारी यांचे संगणक ही माहिती सागरखूणच्या संगणकाकडून मागून घ्यायचे. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला काय विचारायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, याला ते लोक एपीआय म्हणायचे. आणि हे सगळं बाहेरच्या प्रोग्रॅमरला समजेल असं लिहून वेबसाइटवर ठेवायचं, ते एपीआयचं डॉक्युमेंटेशन. ते लिहायचं काम अजराबाईंचं.

आधी हे काम दर्शन नावाचा एक जण करायचा. तो पुण्याला निघून गेला होता. त्याने घाईघाईत लिहिलेली पानं अजराबाईंनी वर्षभर घासून लख्ख केली. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं, मराठी तर हातातलीच, त्यामुळे पानं दोन्ही भाषांत झाली. संगणकातलं काही अडलं तर त्या संदेशला तीन-तीनदा विचारायच्या, कारण पहिल्या उत्तरावर त्यांचा विश्वास नसायचा. तो कंटाळायचा, पण एकदा तिसऱ्यांदा सांगताना त्याचीच चूक त्याला सापडली, तेव्हापासून त्याने कंटाळा दाखवणं बंद केलं.

मग हर्षद घोसाळकर आला. मंडणगडचा, तिशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा आणि बोलताना दुसरीकडे बघणारा. पहिल्याच महिन्यात त्याने पानं प्रसिद्ध करण्याची पद्धत बदलून टाकली. तोवर अजराबाई पान लिहायच्या, संदेश ते वाचल्यासारखं करायचा आणि मग हाताने साइटवर चढवायचा. हर्षदने यंत्राला शिकवलं, की पानं आणि प्रोग्रॅम जिथे ठेवतात त्या मूळ साठ्यात कोणीही काही बदल करून ठेवला, की सगळी पानं नव्याने बांधायची आणि आपली आपण साइटवर चढवायची. कोणी बटण दाबायला नको. दोन मिनिटांत काम.

"म्हणजे शेवटचं कोण वाचतं?" अजराबाईंनी विचारलं.

"कोणी वाचायला लागतच नाही, बाई," हर्षद म्हणाला. "तेच तर."

अजराबाईंना त्या दिवसापासून हर्षद आवडेनासा झाला.

गणपती होऊन ऑफिस परत सुरू झालं, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मंगळवारी सकाळी अजराबाई नेहमीप्रमाणे चहा घेऊन साइट उघडून बसल्या. होडीच्या शेवटच्या संकेताचं पान होतं. त्यात त्यांना दिसलं, "संकेत येऊन किती सेकंद झाले ती संख्या." त्यांनी चष्मा पुसला. तिथे मिनिटं हवं होतं. दर्शनच्या काळात यंत्र सेकंदांत उत्तर द्यायचं, हे खरं. पण दोन वर्षांपूर्वी संदेशने ते मिनिटांवर आणलं, आणि तो शब्द अजराबाईंनी स्वतःच्या हाताने बदलला होता. त्यांनी हर्षदला हाक मारली. तो म्हणाला, हातातलं एक काम यंत्राला देतो आणि येतो. वीस मिनिटांनी आला. अजराबाईंनी पान पुन्हा उघडून दाखवलं, तर तिथे व्यवस्थित "मिनिटं" लिहिलेलं.

ब्राउझर कधी कधी त्याच्याकडचं जुनं पान दाखवतो, असं हर्षदने समजावलं. अजराबाईंनी मान हलवली. वीस मिनिटं लागली त्याला यायला, हे मात्र त्यांनी मनात लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी आल्या आल्या सगळी पानं छापून काढायला लागल्या. वर तारीख आणि वेळ पेनने लिहायची आणि आदल्या दिवशीच्या कागदाशी शब्दाला शब्द लावून बघायचा. छापखान्यातली पद्धत. संदेशने कागदाच्या खर्चावरून एकदा भुवया उंचावल्या, पण नवं रिम मागवलं. दोन आठवडे काही मिळालं नाही. मग परत एका मंगळवारी "सेकंद" आलं, आणि ते या वेळी कागदावर होतं. त्यानंतरच्या आठवड्यात, परतीच्या पावसाने विजांसकट झोडपून काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पुन्हा. दरवेळी दुपारपर्यंत पान आपोआप सुधारलेलं.

अजराबाईंनी कागद हर्षदसमोर ठेवला. त्याने बराच वेळ बघितला. मग संगणकात नोंद उघडून दाखवली. कोणी, कोणत्या दिवशी, कोणतं अक्षर बदललं, ते सगळं त्यात राहतं. त्या शब्दाला दोन वर्षांत कोणाचाही हात लागलेला नव्हता. शेवटचं नाव अजराबाईंचंच होतं.

"मग हे कुठून आलं?" त्यांनी कागदावर नख टेकवलं.

हर्षदने खांदे उडवले. तुमच्या संगणकाचंच काहीतरी असेल, म्हणाला.

अजराबाई जागेवर येऊन बसल्या. नोंद ठेवणारा तोच, पानं चढवणारं यंत्र बसवणारा तोच, आणि दरवेळी मी बोंब मारली की पान दुरुस्त होतं तेही त्याच्याच हातून. नोंदवही ज्याच्या हातात त्याला एखादं पान काढून टाकणं किती कठीण? पण कशासाठी करील, एवढंच त्यांना उमगत नव्हतं. ते त्यांना पुढच्या बुधवारी उमगलं, किंवा उमगलं असं वाटलं. जेवणानंतर हर्षद जिन्यात फोनवर बोलत होता आणि अजराबाई बाटली भरायला निघाल्या होत्या. हर्षदची पाठ होती.

"एकदा का हे आपोआप सुरू झालं ना, की बायचं काम सुटलं," तो सांगत होता. "मग बसू दे घरी. किती दिवस करणार या वयात?"

अजराबाई बाटली न भरताच मागे फिरल्या. ऑफिसात सगळे त्यांना बाई म्हणत. ज्या बाईची पानं सारखी चुकतात आणि जी जागेवर नसलेल्या चुका दाखवते, तिला घरी बसवायला फार बोलावं लागणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. संध्याकाळी घरी त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं. उझमाने, त्यांच्या मुलीने, खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. उझमा म्हणाली, अम्मी, तू त्यालाच विचार ना सरळ. अजराबाई म्हणाल्या, की चोराला विचारून चोरी कळते का कधी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही कागद संदेशच्या टेबलावर मांडले. फोनवरचं बोलणंही सांगितलं. संदेशचा चेहरा पडला. त्याला हर्षद हवा होता आणि बाईही हव्या होत्या, आणि त्याच दुपारी त्याला दहा दिवसांसाठी मुंबईला जायचं होतं. त्याने मधला मार्ग काढला. हर्षदला बोलावून, कारण नीट न सांगताच, पानं प्रसिद्ध करण्याची परवानगी त्याच्याकडून काढून घेतली आणि यंत्रही थांबवलं. आपण परत येईपर्यंत साइटला कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. हर्षदने एकदा अजराबाईंकडे बघितलं, मग खाली. जागेवर जाऊन कानाला हेडफोन लावून बसला.

त्याच रविवारी अजराबाई लांज्याला गेल्या. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, त्यांनी चार दिवसांची रजा टाकली होती. कितीतरी दिवसांनी त्या निर्धास्त होत्या. चोराचे हात बांधलेले होते. तिथे मोबाइलवर पानं उघडून बघायची त्यांना आठवणसुद्धा झाली नाही. मेंदी लावून घेतली, बिर्याणीत मीठ कमी आहे हे आचाऱ्याच्या तोंडावर सांगितलं, आणि परत येताना बहिणीला म्हणाल्या, की खूप दिवसांनी झोप लागली.

शुक्रवारी त्या कामावर आल्या. हर्षद "बाई" म्हणून मान हलवायचा, तीही त्याने हलवली नाही. सकाळी पानं छापायचा विचार त्यांच्या मनात आला होता, पण रजेतली पत्रं साठली होती आणि हात तर कोणाचा लागणारच नव्हता. राहिलं.

शनिवारी अकराच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. गुहागरहून दीपाली पालशेतकर बोलत होती. तिथल्या एका मच्छीमार सोसायटीसाठी ती मोबाइलचं ॲप बनवत होती. होडी समुद्रात असताना घरच्यांना तिचा शेवटचा संकेत कधी आला ते दिसावं, एवढंच त्या ॲपचं काम. ॲप बुधवारी लोकांच्या हातात गेलं होतं. दीपालीचा आवाज कोरडा होता, रागापेक्षा वाईट.

तिने सांगितलं ते असं. हेदवीजवळच्या वाडीत यमुनाबाई नावाची एक बाई आहे. तिचा मुलगा बाबल्या शुक्रवारी पहाटे दोन खलाशी घेऊन होडी काढून गेला. नऊ वाजता इंजिन बंद पडलं आणि त्याबरोबर बॅटरीही, त्यामुळे डबीही मेली. होडी वाऱ्यावर लोटत राहिली. यमुनाबाई दर थोड्या वेळाने मोबाइल बघत होती. साडेदहाला दिसलं, संकेत येऊन दीड मिनिट झालं. बाराला दिसलं, तीन मिनिटं. एक वाजता, चार मिनिटं. तिने शेजारणीलाही सांगितलं, बघ, आत्ता चार मिनिटांपूर्वी बोललाय डबीतून, बरा आहे. आणि बांगडे सुकत घालायला गेली. दोन वाजता दुसऱ्या एका गावच्या होडीला बाबल्या दिसला आणि त्यांनी दोर बांधून आणलं. पाच तास तिघं उन्हात होते. एक खलाशी ओकून ओकून बेशुद्धीला टेकला होता, आता सलाइनवर आहे. वाचले सगळे. पण सोसायटीत त्या दिवशी माणसं होती, दोन रिकाम्या होड्या किनाऱ्याला होत्या. साडेदहालाच शोधायला निघता आलं असतं.

"तुमचं यंत्र संख्या देतं," दीपाली म्हणाली. "एकला दोनशे चाळीस दिली. मी सेकंद समजून तिची चार मिनिटं केली."

"मिनिटं आहेत ती," अजराबाई म्हणाल्या. "दोनशे चाळीस मिनिटं. चार तास."

"पानावर सेकंद लिहिलंय, बाई. मी मंगळवारी वाचून केलं, आणि आत्ताही समोर उघडून बघतेय."

अजराबाईंनी पान उघडलं. सेकंद लिहिलं होतं.

त्यांनी दीपालीला आधी बदल करायला लावला. ती फोनवर असतानाच तिने ॲप दुरुस्त केलं आणि लोकांना निरोपही धाडला. फोन ठेवल्यावर अजराबाईंनी समोर बघितलं. हर्षद पाठमोरा बसला होता. त्याचे हात दहा दिवस बांधलेले होते. परवानगी काढली तेव्हाच्या कागदावर मिनिटं होतं, आणि आता सेकंद. त्याच्यावरच्या संशयाला आधारच उरला नव्हता. त्यांना आठवलं, की दरवेळी पान दुपारपर्यंत सुधारायचं ते हर्षदचं यंत्र चाललं की. ते यंत्र आपणच थांबवायला लावलं.

त्यांनी पान छापलं. या वेळी तो एक शब्द न शोधता त्यांनी ते वरच्या कडेपासून वाचायला घेतलं, अनोळखी माणसाचं मुद्रित वाचावं तसं. मजकूर संपल्यावरही थांबल्या नाहीत. अगदी तळाला, कागदाच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती त्यांनी कधी वाचलीच नव्हती, कारण ती मजकुरात धरत नाहीत. तिथे वर्ष होतं, २०२१. चांगल्या दिवशीच्या कागदांवर तिथे चालू वर्ष होतं. वाईट दिवशीच्या तिन्ही कागदांवर २०२१. म्हणजे कोणी एक शब्द बदलत नव्हतं. अख्खं पानच जुनं होतं. दर्शनच्या काळचं.

त्या उठून हर्षदच्या टेबलाशी गेल्या. कागद ठेवले, आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. दीपालीचा फोनही सांगितला. हर्षदने हेडफोन काढला. सगळं ऐकलं. मग त्याने साइट जिथे ठेवलेली असते त्या कंपनीकडची नोंद उघडली, पानं कधी आणि कुठून चढली याची. परवानगी नसली तरी बघता येत होतं. शेवटची खेप सोमवारी दुपारी चार वाजून बारा मिनिटांची होती. पाठवणारा पत्ता ऑफिसचाच.

"सोमवारी चारला इथे कोण होतं?" अजराबाईंनी विचारलं.

हर्षदने वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दुपारी लाईट गेली होती. चारला आली."

दोघं मागच्या अडगळीच्या खोलीत गेले. जुन्या खुर्च्या, डब्यांची खोकी, आणि कोपऱ्यात स्टुलाखाली धुळीने माखलेला एक संगणक हिरवा दिवा लावून बसलेला. कॅमेऱ्याचं चित्रण साठवायला लागतो म्हणून कोणी त्याला कधी बंद केलं नव्हतं. हर्षदने मॉनिटर जोडून बघितलं. दर्शनने त्याच्या काळात या यंत्राला शिकवून ठेवलं होतं, की सुरू झालास की तुझ्याकडची पानं बांध आणि साइटवर चढव. मूळ साठा नंतर दुसरीकडे हलवला, तो याला सापडत नव्हता, म्हणून याच्याकडे २०२१ चीच पानं. पण साइटवर चढवायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, जुनीच चालत होती, ती कोणी बदललीच नव्हती. तीन वर्षं हे बंदच पडलं नाही, म्हणून सुरूही झालं नाही. गणपतीत, लाईट गेल्यावर त्याला चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या निकामी झाल्या, आणि तेव्हापासून लाईट जाऊन आली की हे जागं व्हायचं आणि इमानाने आपलं काम करायचं. मग दुपारपर्यंत कोणीतरी मूळ साठ्यात काही ठेवायचंच, की हर्षदचं यंत्र त्यावर नवी पानं घालायचं.

हर्षदने वायर ओढून काढली. खोलीत एकदम शांतता झाली.

"सरांना सांगायच्या आधी मला विचारायचं होतंत, बाई," तो म्हणाला.

अजराबाई म्हणाल्या, की हो, विचारायला हवं होतं. मग त्यांनी जिन्यातल्या फोनचंही सांगून टाकलं. आता काही पोटात ठेवण्यात अर्थ नव्हता. हर्षदला आधी कळेच ना. कळलं तेव्हा तो हसला नाही. त्याची आजी मंडणगडला असते, तिला घरात सगळे बाय म्हणतात. पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, पंप चालू करायला ती दिवसातून दोनदा घसरड्या पायवाटेने खाली उतरते. त्या पंपाला आपोआप चालू होणारा स्विच बसवायचं तो भावाला सांगत होता.

अजराबाई एका खोक्यावर बसल्या. हर्षद दाराशी उभा होता. तो म्हणाला, की पानं कुठून चढली ती नोंद तो पहिल्या दिवशीच बघू शकला असता. बघितली नाही, कारण त्याला वाटलं बाईंना भास होतात.

संदेश सोमवारी परतला. दर्शनची किल्ली रद्द झाली, हर्षदची परवानगी परत आली. पण अजराबाईंना साइटच्या माथ्यावर एक सूचना हवी होती, कोणत्या तारखांना पान चुकीचं होतं आणि त्या दिवसांत वाचून कोणी काही बनवलं असेल तर तपासा, अशी. संदेश नको म्हणाला. गिऱ्हाईक घाबरतील, दीपालीचं तर दुरुस्त झालंच आहे, बाकी कोणाची तक्रार नाही. अजराबाईंनी विचारलं, तक्रार नाही म्हणजे चूक नाही कशावरून? त्या त्याच्या टेबलासमोरून हलल्या नाहीत. त्यांच्या बाजूने हर्षद बोलला, दुसरीकडेच बघत, पण बोलला. सूचना लागली. तिच्यामुळे बर्फाच्या एका कारखान्याच्या प्रोग्रॅममध्ये तीच चूक सापडली.

पानं चढवण्याची पद्धतही पुन्हा बदलली. यंत्र अजूनही सगळं आपोआप बांधतं, पण आधी ते आतल्या एका जागी ठेवतं, बदललेला शब्द लाल-हिरवा करून. अजराबाई ते वाचतात आणि मान्य केल्याची खूण करतात, मगच ते बाहेर जातं. शिवाय दर तासाला यंत्र बाहेरचं पान अजराबाईंनी मान्य केलेल्या पानाशी ताडून बघतं आणि फरक दिसला तर दोघांच्या फोनवर निरोप येतो. हे दुसरं हर्षदचंच डोकं. त्याने ते केलं, नीट समजावून सांगितलं, पण पूर्वी कधीमधी चहा आणताना दोन कप आणायचा तो आता एकच आणतो.

डिसेंबरात त्या हेदवीला गेल्या. कोणी पाठवलं नव्हतं. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरल्या, तिथून दीपालीच्या स्कूटरवर मागे बसून वाडीत. यमुनाबाई ओट्यावर जाळं सांधत होती. दीपालीने ओळख करून दिली, की पान लिहितात त्या याच. अजराबाईंनी झालं ते सगळं पहिल्यापासून सांगितलं, अडगळीतल्या संगणकासकट, आणि माफी मागितली. यमुनाबाई सुई चालवतच ऐकत होती. शेवटी तिने मोबाइल पदराखालून काढला आणि अजराबाईंपुढे धरला.

"मंग आता ह्यात लिवलाय ता खरा कशावरना?"

हा प्रश्न अजराबाई आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आल्या होत्या. त्यांनी आधी तासाला होणाऱ्या तपासणीचं सांगायला सुरुवात केली, मग मध्येच थांबल्या. यमुनाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, नळवाल्याकडे बघावं तशी.

"कशावरूनही नाही," त्या म्हणाल्या. "शंका आली की मला फोन करा. मी असेन तिथे बघून सांगीन."

यमुनाबाईने नंबर घेतला. लगेच लावून बघितला, अजराबाईंच्या पर्समध्ये वाजतोय याची खात्री केली, आणि मग चहा ठेवायला आत गेली.

तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा फोन येतो. यमुनाबाई नमस्कार वगैरे काही करत नाही, समोर दिसणारा आकडा वाचून दाखवते आणि हा किती वेळ, असं विचारते. अजराबाई आपल्याकडे उघडून बघतात आणि सांगतात. मागच्या महिन्यात एकदा तिने वाचलं, तीनशे दहा मिनिटं. अजराबाई दचकल्या. यमुनाबाई शांतपणे म्हणाली, की बाबल्या इथेच माझ्यासमोर जेवतोय, होडी किनाऱ्याला आहे, डबी त्याने बंद करून ठेवलीय. मग हे तुमचं मोजत का बसलंय?

अजराबाईंनी पान वाचून बघितलं. डबी मुद्दाम बंद केली असेल तर काय दिसतं, हे तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुपारी त्यांनी एक वाक्य लिहिलं, "संख्या वाढत असेल तर होडी संकटात असेल किंवा डबी बंद केली असेल, हे दोन्ही यंत्राला वेगळं ओळखता येत नाही." यंत्रात टाकायच्या आधी तो कागद घेऊन त्या हर्षदच्या टेबलाशी गेल्या आणि विचारलं, हे बरोबर आहे का. त्याने वाचलं. पेन घेऊन "यंत्राला" खोडून "आम्हाला" केलं, आणि कागद परत दिला.